ठिपके दिसतात की मोजावे लागतात?

वसुबारसेच्या संध्याकाळी दारात ११ ते ६ ठिपक्यांची रांगोळी घालायची, हा आमच्या घरचा नेम. मधली ओळ ११ ठिपक्यांची, तिच्या दोन्ही बाजूंना १०, ९, ८, ७ आणि शेवटी ६. एकूण ९१ ठिपके. ताई रांगोळीच्या वहीकडे एकदा बघते, वही मिटते आणि चिमटीतून रेघ सोडायला लागते. मी तीच रांगोळी काढताना पुटपुटत असते : दोन सोड, तिसऱ्याला वळसा, वर एक, मग डावीकडे दोन. मधेच कुणी "चहा टाकू का?" विचारलं की माझी ओळ तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. ताईला चहाचं विचारलं तर ती "हो, आलं घाल" म्हणते आणि तिचा हात थांबतही नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तिला विचारलं, "एवढी लक्षात कशी राहते गं तुझ्या?"

"लक्षात कुठे ठेवते? दिसते की."

"दिसते म्हणजे?"

"दिसते म्हणजे दिसते. वही मिटली तरी पान असतंच ना समोर."

माझ्यासमोर काहीही नसतं. "डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं" ही मराठीतली एक बोलायची रीत आहे, "पोटात कावळे ओरडतात" तशी, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते. ताईच्या पोटातही कावळे ओरडत नाहीत, पण चित्र मात्र तिच्यासमोर खरोखर उभं राहतं.

या गैरसमजाला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन नावाच्या हरहुन्नरी (आणि इतर काही बाबतींत चांगल्याच घातक मतांच्या) गृहस्थाने लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता : आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल आठवा. चित्र अंधुक आहे की लख्ख? सगळ्या वस्तू एकदम दिसतात का? रंग दिसतात का? त्याने हे निष्कर्ष १८८० साली प्रसिद्ध केले. सुरुवातीला त्याने आपल्या ओळखीच्या शास्त्रज्ञांना विचारलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याला वेड्यात काढलं. मनातलं चित्र वगैरे नुसता अलंकार आहे, असं त्यांचं म्हणणं. इतर लोकांना विचारलं तर ते म्हणाले, दिसतं की, यात विचारायचं काय! गॉल्टनने यावरून शास्त्रज्ञांना चित्रं कमी दिसतात असा सरसकट निष्कर्ष काढला. तो पुढे टिकला नाही. पण त्याला एक गोष्ट पक्की सापडली होती : माणसामाणसांत हा फरक प्रचंड आहे आणि प्रत्येकाला आपल्यासारखंच सगळ्यांचं असतं असं वाटतं.

आता एक प्रयोग करा. मनातल्या मनात १ ते ६० मोजा आणि त्याच वेळी तोंडाने पाठ असलेली एखादी आरती म्हणा. माझं गाडं दहाच्या आत अडकतं. मग मोजता मोजता वर्तमानपत्र वाचून बघा. ते मला बऱ्यापैकी जमतं.

हा खेळ माझा नव्हे, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनचा आहे. प्रिन्स्टनला शिकत असताना त्याने तो स्वतःवर केला. त्याला मोजताना वाचता येत होतं, बोलता मात्र येत नव्हतं. हे त्याने मित्रांना सांगितलं, तेव्हा जॉन ट्युकी हा पुढे मोठा संख्याशास्त्रज्ञ झालेला गडी म्हणाला, छे, बोलता न यायला काय झालं? वाचता कसं येतं तेच मला कळत नाही. दोघांनी करून दाखवलं. ट्युकी मोजता मोजता आरामात गप्पा मारत होता. उलगडा असा झाला की फाइनमन मनात आकडे म्हणत होता, त्यामुळे त्याची वाचा गुंतलेली होती. ट्युकीला आकडे छापलेली एक पट्टी सरकताना दिसत होती, म्हणजे त्याची नजर गुंतलेली होती. वरून बघणाऱ्याला दोघंही नुसतेच मोजत होते.

मला वाटतं, या सगळ्या विषयाची किल्ली या गोष्टीत आहे. आपण 'विचार करतो' म्हणतो तेव्हा आत नेमकं कोणतं यंत्र चालू आहे हे बाहेरून कळत नाही. ते कळून घ्यायचं असेल तर त्या यंत्राच्या वाटेत काहीतरी आडवं घालावं लागतं. माझ्या रांगोळीच्या आड चहाचा प्रश्न आला तसं.

१९६८ मध्ये ली ब्रुक्स या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने हाच आडवं घालण्याचा प्रकार प्रयोगशाळेत नीट मांडला. ठोकळ्यासारखं जाड इंग्रजी 'एफ' अक्षर मनात आणायचं आणि त्याच्या कडेकडेने एकेका कोपऱ्यावरून पुढे जायचं. कोपरा अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला असेल तर 'हो', नसेल तर 'नाही'. हे हो-नाही तोंडाने सांगितलं तर लोकांना सरासरी ११ सेकंद लागले. कागदावर छापलेल्या हो-नाहीच्या खुणांवर बोट ठेवत गेले तर २८ सेकंद! काम तेच, पण कागदावर खूण शोधायला नजर लागते आणि नजर तर आत 'एफ' धरून बसलेली.

मग त्याने उलटं केलं. एक वाक्य मनात धरायचं आणि प्रत्येक शब्द नाम आहे की नाही ते सांगायचं. आता बोट ठेवणं सोपं झालं आणि तोंडाने सांगणं जड गेलं, कारण मनात वाक्य घोळवायला आतली जीभ लागते.

यातून आणि अशा बऱ्याच प्रयोगांतून १९७४ मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी जी मांडणी केली, ती मराठीत सांगायची तर अशी : काम चालू असेपर्यंत गोष्टी धरून ठेवायला मनाकडे दोन वेगळ्या सोयी आहेत. एक पाटी, जिच्यावर आकार आणि जागा काढून ठेवता येतात. दुसरी घोकणी, म्हणजे शब्द पुसट होण्याआधी पुन्हा पुन्हा म्हणत राहण्याची सोय. कुणीतरी फोन नंबर सांगितला आणि पेन सापडेपर्यंत आपण तो पुटपुटत राहतो, ती घोकणी. अंधारात उठून पाण्याच्या तांब्यापर्यंत जातो, ती पाटी. दोन्ही लहान आहेत आणि दोन्ही भरतात. पण एक भरली तरी दुसरी बहुतांशी मोकळी असते. म्हणून गाणी ऐकत पोळ्या लाटता येतात आणि बातम्या ऐकत पत्र लिहिता येत नाही.

थोडक्यात, धडधाकट माणसाकडे दोन्ही असतात. ताई फोन नंबर पुटपुटतेच आणि मी अंधारात तांब्यापर्यंत पोचतेच. फरक पडतो तो एखादं काम आलं की आपण सवयीने कोणत्या सोयीकडे वळतो, यात.

सवयीने म्हणाले ते उगाच नाही. हिशोबाचं बघा. आमच्या पिढीने पाढे म्हणून पाठ केले. बे एके बे, बे दुणे चार. ते कानात आहेत. मला 'साती आठी' म्हटल्याशिवाय छप्पन्न आठवतच नाही. आजोबांना तर पावकी, निमकी, दीडकी पाठ होत्या, आणि भाजीवाल्याशी हिशोब करताना त्यांचे ओठ हलायचे. ही सगळी घोकणीची कमाई.

आता घोकणीला एक अडचण आहे आणि ती मराठीत जरा जास्तच टोचते. 'त्रेसष्ट' म्हणताना कानावर आधी तीन पडतात आणि मग साठ. लिहिताना मात्र आधी ६ काढायचा. जे मूल कानाने लिहितं ते हमखास ३६ लिहून ठेवतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला! विधानसभेतसुद्धा त्यावर टोलेबाजी झाली. डॉ. मंगला नारळीकर समितीच्या अध्यक्ष होत्या. मुलांना संख्या वाचताना या उलट्या क्रमाचा आणि जोडाक्षरांचा त्रास होतो, हे त्यांचं साधं म्हणणं त्या गलक्यात फार थोड्यांनी ऐकून घेतलं. मला स्वतःला 'त्रेसष्ट' सोडवत नाही. पण अडचण खरी होती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अबॅकसचे वर्ग. आता प्रत्येक नगरात एक असतोच. मण्यांच्या चौकटीवर आधी हाताने शिकवतात, मग चौकट काढून घेतात आणि पोरं हवेत बोटं नाचवत पाच-सहा आकडी बेरजा करतात. मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर या दोन संशोधकांनी गुजरातमधल्या अशा मुलांचा अभ्यास करून २०१२ साली तो प्रसिद्ध केला. प्रश्न फाइनमनचाच : ही मुलं आत काय करतात? आड काय घालायचं तेही ठरलेलं. बेरीज करताना त्यांना बोलायला लावलं. साध्या पद्धतीने मनात बेरीज करणाऱ्या मोठ्या माणसांची त्याने जी दाणादाण उडते, तेवढी या मुलांची उडाली नाही. त्यांचा हिशोब शब्दांत चाललेलाच नव्हता. त्यांनी मनातल्या पाटीवर मण्यांच्या तारा काढून ठेवल्या होत्या, एकेक तार एकेका स्थानाची. पाटीवर एका वेळी तीन-चारच गोष्टी मावतात, त्यामुळे फार लांबलचक आकड्यांना तीही अडखळायची.

म्हणजे एकच बेरीज, पण शिकवलं तसं ती जिभेवर नाहीतर पाटीवर बसते. या मंडळींनी पुढे वडोदऱ्यातल्या २०४ शाळकरी मुलांवर ३ वर्षं प्रयोग केला, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडून. अबॅकसवाल्यांचं गणित सुधारलं. स्मरणशक्ती, एकाग्रता वगैरे मात्र सुधारली असं दिसलं नाही. आणि ज्यांची पाटी मुळातच जरा मोठी होती त्यांना फायदा जास्त झाला. वर्गाच्या पत्रकावर यातलं पहिलं वाक्य तेवढं छापलेलं असतं, उरलेली दोन नसतात.

इथपर्यंत मी 'चित्र' हा शब्द एकाच अर्थाने वापरला. तसं करणं बरोबर नाही, हे मला ताईच्याच बॅग भरण्यावरून कळलं. रांगोळीचं पान हुबेहूब बघणारी माझी बहीण प्रवासाची बॅग भरायला बसली की घोळ घालते. चपला आडव्या बसतील की उभ्या, हे तिला ठेवून बघावं लागतं. तिला आईच्या १९८८ सालच्या साडीचा काठ आठवतो, चिंतामणी रंगाची छटा नेमकी सांगते. पण आपल्या इमारतीच्या जिन्याने दोन वळणं घेतली की आपलं तोंड कुठल्या दिशेला झालं, हे तिला सांगता येत नाही.

मारिया कोझेव्हनिकोव्ह आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात हे वेगळं करून दाखवलं. चित्रात विचार करणाऱ्यांचे दोन प्रकार पडतात. काहींना वस्तू दिसतात : रंग, पोत, बारकावे. चित्रकारांत हे जास्त. काहींना जागा दिसते : काय कशाच्या मागे आहे, फिरवलं तर कसं दिसेल. अभियंते आणि भौतिकशास्त्रवाले यांत अधिक. दोन्हींतला फरक त्यांना एका आलेखात सापडला. एक गाडी किती वेळाने किती दूर होती हे दाखवणारी रेघ आहे. आधी सपाट, मग खाली उतरत जाणारी, मग पुन्हा सपाट. जागा बघणारा म्हणतो : गाडी उभी होती, मग मागे यायला लागली, मग थांबली. वस्तू बघणाऱ्यांपैकी काही जण म्हणाले, गाडी सपाट रस्त्यावरून चालली होती, मग उतार लागला. त्यांना आलेखात रस्ता दिसला, अगदी हुबेहूब. मी शाळेत असताना आमच्या वर्गातली चित्रकलेत पहिली येणारी मुलगी आलेखात गटांगळ्या खायची आणि सगळे म्हणायचे, "एवढं सुंदर चित्र काढतेस आणि साधी रेघ कळत नाही?" आता तिची आठवण आली की वाईट वाटतं.

जागेचा हा हिशोब आत खरोखर 'फिरवून' होतो, याचा सुरेख पुरावा १९७१ चा आहे. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी घनांच्या वाकड्यातिकड्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, या दोन एकच आहेत का? एक आकृती दुसरीपेक्षा जितकी जास्त वळलेली, तितका उत्तराला वेळ जास्त, आणि तोही सरळ पट्टीने आखल्यासारखा वाढत जाणारा. मनातली वस्तू सेकंदाला साधारण ६० अंशांनी फिरते, असा त्याचा हिशोब निघाला. जणू आत कुणीतरी ती हातात घेऊन सावकाश वळवत होतं.

आणि मग माझ्यासारखे. आपल्याला काही दिसत नाही याला नाव आहे, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. अ‍ॅडम झेमन हे ब्रिटनमधले मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांच्याकडे एक निवृत्त सर्वेक्षक आला होता. हृदयावरच्या उपचारानंतर त्याच्या मनातली चित्रं एकदम विझली होती. झोपताना तो आप्तांचे चेहरे डोळ्यांसमोर आणायचा, ते दिसेनासे झाले. २०१० मध्ये त्याच्याविषयी छापून आलं, ते वाचून काही जणांनी झेमन यांना कळवलं की आमचं तर जन्मापासून असंच आहे. २०१५ मध्ये झेमन यांनी या अवस्थेला 'अफँटेशिया' नाव दिलं. असे लोक शंभरात एक ते चार असावेत, असा आजचा अंदाज आहे. पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमल यांनी आपणही त्यांतलेच असल्याचं सांगितलं आहे. चित्रपटातली चित्रं घडवण्यात आयुष्य गेलेला माणूस, आणि डोळे मिटले की अंधार.

"हे लोक उगाच म्हणत असतील, सगळ्यांना सारखंच दिसत असेल, शब्द वेगळे वापरत असतील," अशी शंका माझ्या नवऱ्याने काढली. शंका रास्त आहे. तिचं उत्तर बाहुलीत आहे, म्हणजे डोळ्याच्या. प्रखर उजेड बघितला की बाहुली बारीक होते. सिडनीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की लख्ख पांढऱ्या आकाराची नुसती कल्पना केली तरी ती किंचित बारीक होते. अफँटेशिया असलेल्यांची झाली नाही. खरा उजेड बघताना मात्र त्यांची बाहुली इतरांसारखीच वागत होती. बाहुलीला खोटं बोलता येत नाही.

गंमत म्हणजे मला घराच्या खिडक्या विचारा, मी बिनचूक सांगेन. सात. दिसत नाहीत, पण ठाऊक आहेत. एकेका खोलीतून 'जाऊन' मोजते. कुठून जाते ते मला विचारू नका.

चित्र नसेल तर शब्द असणार, हे तरी खरं का? रसेल हर्लबर्ट यांनी १९७० च्या दशकापासून लोकांच्या खिशात एक छोटं यंत्र देऊन ठेवलं. ते अवचित वाजायचं आणि माणसाने टिपायचं : आत्ता या क्षणी मनात नेमकं काय होतं? आपण सतत मनात बोलत असतो, असं बहुतेकांना वाटायचं. टिपणं वेगळंच सांगत होती. आतलं बोलणं सरासरी चौथ्या हिश्शाच्या आसपास सापडलं. काहींच्या टिपणांत ते जवळजवळ कायम, काहींच्या टिपणांत अजिबात नाही. आणि बऱ्याच क्षणी ना शब्द, ना चित्र, तरीही विचार स्पष्ट. "गॅस बंद केला का?" हे असं, शब्दांवाचून, नुसतं लख्खकन येऊन जातं.

हे सगळं वाचत असताना भाच्याचा एक अहवाल हाती आला. कुठल्याशा संस्थेने पैसे घेऊन चाचणी केली होती आणि लिहिलं होतं : मूल 'व्हिज्युअल लर्नर' आहे, त्याला चित्रांतूनच शिकवा. ताईने रंगीत तक्ते आणले. कविता तक्त्यावर. पाढे तक्त्यावर. इतिहास तक्त्यावर. मला हे अजिबात पटलं नाही, आणि न पटायला आधार आहे. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध अभ्यास चाळले. विचारलं एवढंच : 'चित्रवाल्या' मुलाला चित्रांनी आणि 'शब्दवाल्या' मुलाला शब्दांनी शिकवलं तर ती खरंच जास्त शिकतात, हे कुणी नीट दाखवलंय का? तसा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांची आवड वेगळी असते, हे मान्य. पण नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो आणि कविता सगळ्यांनाच म्हणून. कसं शिकवायचं ते विषय ठरवतो. ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तक्त्यांचे बाराशे गेले ना पण." आता ते तक्ते कपाटाच्या खणांत खाली अंथरलेत.

यंदा चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारायला आईला व्हिडिओ कॉल लावला. मी वही घेऊन, ताई शेजारी. "तांदूळ किती, डाळ किती, नीट सांग." आई विचारात पडली. ओठ हलले नाहीत. नजरही कुठे खिळली नव्हती. आइन्स्टाइनने जाक अदामार या गणितज्ञाला कळवलं होतं की माझ्या विचारांत शब्दांना फारसं काम नसतं, असतात ती चित्रं आणि काही स्नायूंच्या जातीच्या खुणा. हे वाचलं तेव्हा मला त्यातलं ते स्नायूंचं कळलं नव्हतं.

आईने पडद्यावर उजवा हात वर केला, हवेतच ओंजळ केली, ती दोनदा उलटी केली, तिसऱ्यांदा अर्धी. मग हाताकडे बघून म्हणाली, "हां, अडीच ओंजळी. लिही."